पुश नोटिफिकेशन : एक क्लिक, असंख्य मोबाइल

अ‍ॅप बंद असतानाही मोबाइलच्या पडद्यावर झळकणाऱ्या संदेशास ‘पुश नोटिफिकेशन’ म्हणतात. अ‍ॅपलने ही सेवा २००९ मध्ये सुरू केली. गुगलची ‘फायरबेस क्लाउड मेसेजिंग’ सेवा २०१६ पासून उपलब्ध आहे.

अ‍ॅपची नोंदणी होताच त्याला एक ‘टोकन’ मिळते. टोकन म्हणजे त्या मोबाइलवरील अ‍ॅपचा पत्ता. तो सर्व्हरवर साठवला जातो. व्यवस्थापक अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये शीर्षक व मजकूर लिहून प्राप्तकर्ते निवडतो. सर्व्हर संदेश अ‍ॅपल किंवा गुगलकडे सोपवतो व तेथून तो मोबाइलवर पोहोचतो. मजकुरासह पाठविल्या जाणाऱ्या माहितीची मर्यादा साधारणतः ४ किलोबाइट असते.

वाचला गेलेला संदेश मात्र परत घेता येत नाही. अमेरिकेतील हवाई राज्यात १३ जानेवारी २०१८ रोजी क्षेपणास्त्र हल्ल्याचा खोटा इशारा मोबाइलवर धाडला गेला. तेथील आणीबाणी प्रसारणाची यंत्रणा पुशहून निराळी होती. पण संगणकावर सराव व प्रत्यक्ष इशारा यांचे पर्याय एकत्रच होते आणि दुसऱ्या कर्मचाऱ्याची संमती सक्तीची नव्हती. खुलाशाचा संदेश जाण्यास ३८ मिनिटे लागली.

म्हणूनच संदेश प्रथम चाचणीच्या मोबाइलवर पाठवावा, प्राप्तकर्त्यांची यादी पुन्हा तपासावी आणि अंतिम मंजुरी दुसऱ्या व्यक्तीकडे ठेवावी.