करंट आणि मिटलेली मूठ
खुलताबादेत फिजिओथेरपी करताना आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "ताई, करंट लावला की मेंदू सुधारेल ना?" बाळ जन्मतः उशिरा रडलेलं असतं, आता एका हाताची मूठ उघडत नाही.

करंटची ही कल्पना जुनीच. 1855 मध्ये ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरने एकेक स्नायू विजेने हलवण्यावर ग्रंथ लिहिला. 1861 मध्ये लंडनच्या डॉ. लिटल यांनी अवघड बाळंतपण, गुदमरणं आणि पुढचा ताठरपणा यांची सांगड घातली. पण लिबरसन या डॉक्टरने लकवा झालेल्यांना चालताना पाऊल उचलायला करंट वापरला, तो 1961 मध्ये. म्हणजे शंभर वर्षांनी!

आपल्याकडे फिजिओथेरपी रुजली ती पोलिओच्या काळात, मुंबईच्या केईएम रुग्णालयात. असा ताठरपणा असलेल्या, म्हणजे मेंदूच्या पक्षाघाताच्या (सेरेब्रल पाल्सी) मुलांसाठी मिथू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईतच संस्था उभारली. खेड्यातल्या बाळांची तपासणी मात्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने हाती घेतली, 2013 मध्ये, पालघरपासून.

मी ओला पॅड कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला बांधते, बटण हळूहळू फिरवते. मनगट वर येतं, बोटं सुटतात. त्याच क्षणी हातात लाकडी ठोकळा देते. करंट स्नायू हलवतो. शिकतो तो मेंदू, मूल स्वतः धडपडतं तेव्हा. नुसत्या मशीनवर पैसे घालवू नका, हे मी कळकळीने सांगते. गावातल्या आशा सेविकांनाही माझा एकच आग्रह आहे: काचपेटीत राहिलेलं बाळ मान धरत नसेल, तर वर्षाची वाट पाहू नका, लगेच पाठवा.