बटण कोणाच्या हाती? : व्यापारी इमारतींतील प्रकाशनियंत्रणाचा ऐतिहासिक मागोवा

व्यापारी इमारतींतील ‘स्मार्ट’ प्रकाशनियंत्रणाची बाजारपेठ वाढत आहे, आणि ही वाढ नव्या शोधांमुळे झाली असे सामान्यतः गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची ऐतिहासिक दृष्टीने तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. शोध पूर्वीच लागले होते. ग्राहक मात्र मुख्यत्वे नियमांनी निर्माण केला. या प्रक्रियेत दिव्याचे बटण त्याखाली काम करणाऱ्या माणसाच्या हातून निसटत गेले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अमेरिकेत १९३८ साली फ्लुरोसंट नळ्या विक्रीस आल्या. पुढे वातानुकूलनाची जोड मिळाल्यावर खिडकीपासून दूरवर पसरलेले कार्यालयीन मजले शक्य झाले. वीज स्वस्त होती. त्यामुळे अनेक दिव्यांना मिळून एकच बटण ठेवणे बांधकाम करणाऱ्यास सोयीचे वाटे. जोएल स्पायरा यांनी १९५९ साली न्यूयॉर्कमधील आपल्या राहत्या घरी अर्धवाहकावर आधारित डिमर तयार केला आणि १९६१ मध्ये लुट्रॉन ही कंपनी स्थापन केली. त्यापूर्वीचे रोधकाचे डिमर नको असलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया घालवीत व नाट्यगृहातच शोभत. स्पायरांचा डिमर भिंतीतील साध्या बटणाच्या जागी बसे. तथापि त्याचे आकर्षण होते ते घरातील जेवणाच्या खोलीत मंद प्रकाश करण्याचे. काटकसर हा तेव्हा विक्रीचा मुद्दाच नव्हता.

१९७३ च्या तेलसंकटाने हे चित्र पालटले. ‘अॅशरे’ या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेने १९७५ मध्ये इमारतींच्या ऊर्जावापराचे पहिले मानक प्रसिद्ध केले. त्याच्या १९९९ च्या आवृत्तीत ५,००० चौरस फुटांहून मोठ्या इमारतींत दिवे आपोआप बंद करणारी योजना आवश्यक ठरली. भारताच्या २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत ही मर्यादा ५०० चौरस मीटर होती. दोन्ही आकडे जवळपास सारखे असणे हा योगायोग नव्हे. आपली संहिता बऱ्याच अंशी त्या मानकावर बेतलेली होती. विशेष म्हणजे तिच्या कक्षेत येणाऱ्या इमारतींत वर्गखोल्यांनाही माणसाची उपस्थिती ओळखणारे संवेदक बसवावयाचे होते. अर्थात ती लागू होणे राज्यांच्या अधिसूचनेवर अवलंबून होते, आणि आपल्यापैकी किती जणांच्या वर्गात असा संवेदक आहे, हे वाचकांनीच पाहावे.

दरम्यान युरोपात ‘डाली’ ही अंकीय संदेशपद्धती पुढे आली. तीत एका जोडणीवर ६४ उपकरणांना स्वतंत्र पत्ता देता येतो. तारा न बदलता दिव्यांचे गट बदलता येऊ लागले; पण गट बदलणारा आता संगणकापाशी बसलेला असे.

या यंत्रणेचे यश कशावर अवलंबून असते, हे न्यूयॉर्क टाइम्सच्या २००७ साली पूर्ण झालेल्या इमारतीवरून दिसते. तेथे बांधकामापूर्वीच कार्यालयाची पूर्णाकृती प्रतिकृती उभारून लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी पडदे व दिवे यांच्या दीर्घकाळ चाचण्या घेतल्या. उपकरणे बाजारातून विकत घेता येतात, हा संयम घेता येत नाही. बाजारपेठेच्या आकड्यांत संवेदकांची विक्री मोजली जाते; ते जुळवून घेण्यात गेलेले महिने मोजले जात नाहीत.

याची दुसरी बाजू मॅसॅच्युसेट्स राज्यातील मिनेचॉग प्रादेशिक विद्यालयात दिसली. इमारत व्यापारी नव्हे. परंतु यंत्रणा त्याच बाजारातील होती. २०१२ साली बांधलेल्या या इमारतीत वीजबचतीसाठी संगणकनियंत्रित दिवे बसविले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये संगणक-प्रणाली बिघडली आणि सुमारे ७,००० दिवे रात्रंदिवस जळत राहिले. यंत्रणा बसविणारी कंपनी दरम्यान अनेकदा विकली गेली होती; तिची जाण असलेला माणूस शोधण्यातच आठवडे गेले. पुढे महासाथीमुळे सुटे भाग रखडले. शिक्षकांनी काही दिवे हातानेच काढून ठेवले, तर काही ठिकाणी कर्मचाऱ्यांनी मूळ वीजप्रवाह तोडला. सुमारे दीड वर्षाने, २०२३ च्या आरंभी, सुटे भाग हाती आले. नव्या यंत्रणेत संगणकाला डावलून दिवे बंद करणारे एक बटण असेल, अशी ग्वाही तेव्हा देण्यात आली.