संकरित नॅनोकण : औषधाचे पाकीटही महत्त्वाचे



मध्यंतरी अल अझीझियातल्या आमच्या एका मित्राला पुण्याहून फोन आला. आईच्या कॅन्सरसाठी डॉक्टरांनी ‘लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन’ लिहून दिले होते. साधे डॉक्सोरुबिसिन खूप स्वस्त. मग तेच आणले तर? आम्ही पडलो इंजिनिअर, म्हणून आधी वाचून काढले. उत्तर एकच: परस्पर बदलू नका!

डॉक्सोरुबिसिन कॅन्सरच्या पेशी मारते, पण हृदयालाही इजा करू शकते. म्हणून ते लिपिडच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या, सूक्ष्म फुग्यात भरतात. हा फुगा साधारण १०० नॅनोमीटरचा; आपला केस याच्या शेकडो पट जाड! असे पहिले औषध ‘डॉक्सिल’ अमेरिकेत १९९५ साली मंजूर झाले. २०१३ साली तिथे त्याच्या पहिल्या जेनेरिकला परवानगी मिळाली, ते आपल्या सन फार्माचे. पाकीट बदलले की औषध शरीरात कुठे आणि किती वेळ राहते तेही बदलते, म्हणून दोन्हींचे डोस वेगळे असतात.

संकरित नॅनोकण ही याच्या पुढची पायरी. लिपिडचा फुगा शरीराला मानवतो, पण गळू शकतो. पॉलिमरचा कण टिकाऊ असतो आणि औषध हळूहळू सोडतो. म्हणून आत पॉलिमरचा गाभा, त्यावर लिपिडचा थर आणि बाहेर रक्तात जास्त वेळ टिकण्यासाठी पीईजीचे आवरण, अशी रचना करतात. हे कण अजून मुख्यतः संशोधनाच्या टप्प्यावर आहेत.

दुसरा एक संकर आपल्या ओळखीच्या हिंजवडीत पोचला. तिथल्या जेनोव्हा कंपनीने २०२० साली सिअ‍ॅटलच्या एचडीटी बायोबरोबर कोविड लशीचे काम सुरू केले. एचडीटीच्या कणात तेलाच्या थेंबात लोहाच्या ऑक्साइडचे कण असतात आणि एमआरएनए बाहेरच्या पृष्ठभागावर चिकटते. जून २०२२ मध्ये जेनोव्हाची ‘जेमकोव्हॅक-१९’ ही भारताची पहिली एमआरएनए लस मंजूर झाली. ती २ ते ८ अंशांवर, साध्या फ्रिजच्या तापमानात टिकते. डिसेंबर २०२० मध्ये कतारला आलेली फायझरची लस आठवते ना? तिला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावे लागे.

तेव्हा घरून असा फोन आला, तर औषधाचे पूर्ण नाव विचारा, ‘लायपोसोमल’ शब्द आहे का ते पाहा आणि परवडत नसेल तर डॉक्टरांशीच बोला. मित्राच्या आईंच्या डॉक्टरांनीही हेच सांगितले.