सभ्य भाषेतली झडती : इंग्रजी कादंबऱ्यांमधील मुस्लिमद्वेष

पाश्चात्त्य देशांतील मुस्लिमद्वेष ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सुरू झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. ब्रिटनमधील रनीमीड ट्रस्टने ‘इस्लामोफोबिया’वरचा आपला अहवाल १९९७ मध्येच प्रसिद्ध केला होता. हल्ल्यानंतर जुन्या संशयाला विमानतळ, पोलीस आणि कायद्याचे बळ मिळाले, एवढेच. त्यानंतरच्या कादंबऱ्यांत रस्त्यावरची शिवीगाळ आहे, पण आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते ती सभ्य माणसांनी सभ्य भाषेत घेतलेली निष्ठेची परीक्षा.

कामिला शम्सी यांची ‘होम फायर’ (२०१७) हीथ्रो विमानतळावरच्या चौकशीने सुरू होते. इस्मा ही लंडनची मुलगी समाजशास्त्रात पीएचडी करायला अमेरिकेला निघाली आहे. चौकशी होणार हे तिला ठाऊक आहे. म्हणून तिने सामानात कुराण ठेवलेले नाही, घरच्यांचे फोटो नाहीत, स्वतःच्या अभ्यासाची पुस्तकेसुद्धा नाहीत. उत्तरांची तालीम तिने बहिणीसोबत आधीच केली आहे. तिचे चांगले जाकीट तिचेच आहे का, यावरही शंका घेतली जाते. तिला राणीबद्दल, लोकशाहीबद्दल, अगदी टीव्हीवरच्या केक-स्पर्धेबद्दल विचारतात. आवाज कोणी चढवत नाही. विमान मात्र चुकते.

या कादंबरीला २०१८ चा विमेन्स प्राइझ मिळाला. सोफोक्लीझच्या ‘अँटिगनी’ नाटकावर ती बेतलेली आहे. तिच्यातला ब्रिटिश गृहमंत्री स्वतः मुस्लिम कुटुंबातला आहे आणि तोच नागरिकत्व काढून घेण्याचा पुरस्कर्ता आहे. पुस्तक आल्यावर काही महिन्यांतच साजिद जाविद गृहमंत्री झाले आणि २०१९ मध्ये त्यांनी शमीमा बेगमचे नागरिकत्व रद्द केले.

एमी वॉल्डमन या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या माजी वार्ताहर. त्यांच्या ‘द सबमिशन’मध्ये (२०११) हल्ल्यातील मृतांच्या स्मारकासाठी नावे झाकून आराखडे मागवले जातात. परीक्षक एक बाग निवडतात, पाकीट उघडतात, आत नाव निघते मोहम्मद खान. तो अमेरिकेतच जन्मलेला वास्तुविशारद आहे. आराखडा तोच असतो, पण आता त्यात इस्लामी स्वर्ग दिसू लागतो. गंमत अशी, की त्याच्या बाजूने उभे राहिलेले उदारमतवादीही हळूहळू खुलासा मागू लागतात. इतरांना जो खुलासा मागितला नसता तो मी का द्यावा, हा खानचा हट्ट आहे. त्याचा हा ताठा अनेक वाचकांना आवडत नाही. आम्हाला तो पटतो.

मोहसीन हमीद यांच्या ‘द रिलक्टंट फंडामेंटलिस्ट’मधला (२००७) चंगेझ प्रिन्स्टनमध्ये शिकलेला आहे आणि न्यूयॉर्कमध्ये बड्या पगारावर आहे. मनिलाहून परतताना त्याचे कपडे उतरवून झडती होते. न्यूयॉर्कला त्याची चौकशी संपेपर्यंत सहकारी थांबत नाहीत. पण मनोरे कोसळताना पाहून आपण हसलो, हेही तो कबूल करतो. लेखकाने त्याला निष्पाप बळी केलेले नाही, हे चांगले केले.

या कादंबऱ्यांची एक मर्यादा आहे. त्यांचे नायक बहुतेक उच्चशिक्षित आहेत. अपवाद ‘होम फायर’मधल्या परवेझचा, म्हणजे इस्माच्या भावाचा. तो भाजीच्या दुकानात काम करतो. त्याच्या जिहादी वडिलांचा विषय घरात कोणी काढत नाही. त्यांच्याविषयी त्याच्याशी अभिमानाने बोलणारा माणूस भेटतो तो फारूक, इसिससाठी पोरे जमवणारा.