जोखीम मोजायला आपण कधी शिकलो?

स्तनाचा कर्करोग कुणाला होतो, हा प्रश्न जुना. मोजून उत्तर शोधायची रीत मात्र नवी. आज आपण दोनच टप्पे पाहू.

पहिला इटलीतला. बर्नार्डिनो रामाझिनी हे पादुआ विद्यापीठातले वैद्यकाचे प्राध्यापक. कामधंद्यांमुळे होणाऱ्या आजारांवर त्यांनी ग्रंथ लिहिला, त्याची वाढवलेली आवृत्ती 1713 ची. मठांतल्या ननना हा रोग जास्त होतो, असं त्यांनी नोंदवलं. निरीक्षण मोलाचं, पण आकड्यांची तुलना त्यात नव्हती.

दुसरा टप्पा इंग्लंडचा, 1926. डॉ. जॅनेट लेन-क्लेपन यांनी हा रोग झालेल्या सुमारे 500 बायका घेतल्या, न झालेल्याही तेवढ्याच, आणि दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारले. लग्न कधी झालं? मुलं किती? अंगावर किती दिवस पाजलं? रोग झालेल्या गटात लग्नं उशिरा, मुलं कमी, पाजणंही कमी निघालं.

आता नीट बघा. हा दोन गटांतला फरक आहे, एकीच्या आजाराचं कारण नव्हे. रोग झालेल्यांत लेकुरवाळ्याही होत्याच की! पण आपल्याकडे निदान झालं की कुजबुज सुरू होते, “हिने पाजलंच नसेल.” आकडे असं म्हणत नाहीत.

पुढे अशाच तुलनांतून दारू, पाळी गेल्यानंतरचं वाढलेलं वजन, हेही यादीत आलं. ही यादी सावध राहण्यासाठी आहे, दोष देण्यासाठी नाही. आणि गाठ हाताला लागली, तर “आपण यादीत बसत नाही” म्हणून घरी थांबायचं नाही.