उन्हाळ्यात धावण्याचा सराव करताना काय जपावे?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की नागपुरातली मैदाने पहाटेपासून भरतात. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. महिनाभराने त्यांतलीच काही मुले दवाखान्यात येतात. कुणाची नडगी दुखत असते, कुणाला चक्कर आलेली असते. तुमच्या घरात कुणी अशी तयारी करत असेल, तर पुढील माहिती त्यांनाही वाचायला द्या.

नडगी का दुखते?

आजवर न धावलेला मुलगा एकदम रोज पाच किलोमीटर धावू लागतो, तेही डांबरी रस्त्यावर आणि झिजलेल्या बुटांत. दम काही दिवसांत वाढतो, पण हाडाला भार पेलायची सवय व्हायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवा, शक्यतो मातीवर धावा आणि आठवड्यातून एक-दोन दिवस पायांना सुट्टी द्या.

नडगीभर पसरलेले दुखणे बहुधा विश्रांतीने कमी होते. मात्र हाडावर एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल किंवा रात्रीही ठणकत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो, आणि तो सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. दुखणे दबते, तडा वाढतो, आणि शरीरात पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडालाही इजा करू शकतात.

ऊन आणि घाम

मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हवा कोरडी असल्याने घाम लगेच वाळतो आणि किती पाणी गेले ते कळत नाही. जूनमध्ये पारा उतरला तरी निर्धास्त होऊ नका. दमट हवेत कूलर काम करेनासा होतो, हे प्रत्येक नागपूरकराला ठाऊक आहे. घामाचेही तसेच होते. तो वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही.

सराव सकाळी सातच्या आत संपवा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. मीठ घातलेले ताक, पन्हे, आंबील उत्तम. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच कालवा, पेलाभर पाण्यात नव्हे. खिशातल्या कांद्याबद्दल मला दर उन्हाळ्यात विचारतात. तो खिशात ठेवून उपयोग नाही, जेवणात खा.

धावणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. १०८ वर फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून राहू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही.

खाणे

उपाशीपोटी जोरात धावू नका, एखादे केळे पुरते. दिवसभरात वरण, उसळ, अंडी, दूध यांतून प्रथिने मिळतात. महागडे डबे विकत घेण्याआधी घरचे ताट नीट भरा. मुलींनी हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे. दम लागण्यामागे पुष्कळदा तेच कारण निघते.

धावताना छातीत दुखले, शुद्ध हरपली किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर आधी ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवा, सराव त्यानंतर.