फियाट ११०० इंजिन

फियाट ११०० इंजिन : ट्यूरिनच्या फियाट कंपनीचे चार सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, १०८९ घ.सेंमी. क्षमतेचे पेट्रोल इंजिन. १९३७ मध्ये ‘५०८ सी’ या मोटारीतून ते प्रथम रस्त्यावर आले. इटलीत ११०० मालिकेचे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात मात्र ते विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिले. १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गाडीचे इंजिन ते हेच. गाडीचे नाव बदलले तरी मुंबईत टॅक्सीवाले आणि मेकॅनिक तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत आले.

रचना : आधीच्या ‘बालिल्ला’ गाडीचे इंजिन ९९५ घ.सेंमी.चे होते, बोअर ६५ मिमी., स्ट्रोक ७५ मिमी. आणि व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला. नव्या इंजिनात स्ट्रोक तोच राहिला, बोअर ६८ मिमी. झाला आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच, चेनवर फिरणारी. तिच्यावरून पुशरॉड, रॉकर आणि व्हॉल्व्ह अशी साखळी. क्रँकशाफ्टला मेन बेअरिंग तीन. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. ५०८ सी गाडीची आखणी दान्ते ज्याकोझा यांची. त्या काळच्या सर्वसामान्यांच्या गाड्यांत साइड-व्हॉल्व्ह इंजिनांचाच भरणा होता, हे लक्षात घेतले की या बदलाचे मोल कळते. मिश्रण आत घेण्याचा मार्ग सुधारला आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त काम निघू लागले.

सुरुवातीची ताकद ३२ अश्वशक्ती. १९५३ च्या ‘११००/१०३’ मध्ये ती ३६ झाली आणि इटलीतील शेवटच्या ‘११०० आर’ मध्ये ४८ पर्यंत गेली. मधल्या ‘११०० डी’साठी इटलीत बोअर ७२ मिमी. करून १२२१ घ.सेंमी.चे इंजिन दिले गेले. भारतीय ‘डी’ गाडीत मात्र जुने १०८९ चेच राहिले.

या इंजिनात मुळात किती दम होता, हे शर्यतींनी दाखवले. १९४० मध्ये एन्झो फेरारी यांनी ‘८१५’ ही गाडी बांधली, तेव्हा तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनासाठी अॅल्युमिनियमचा ब्लॉक नवा ओतला, पण हेड ५०८ सी ची वापरली. युद्धानंतरच्या चिसितालिया ‘डी ४६’ आणि ‘२०२’ या गाड्यांतही हेच इंजिन, अधिक ताकदीचे करून, बसवलेले होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिल्पासारखी मांडलेली ‘२०२’ पाहताना तिच्या बॉनेटखाली आपल्या टॅक्सीच्या इंजिनाचा सख्खा भाऊ आहे, हे मराठी वाचकाने जरूर आठवावे.

भारतीय इंजिन : पद्मिनीत या इंजिनाची ताकद सुमारे ४० अश्वशक्ती, मिनिटाला ४८०० फेऱ्यांना. कार्बुरेटर सोलेक्स जातीचा. गाडीचे वजन ९०० किलोच्या आतबाहेर. पूर्ण ताकदीच्या वेळीही पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटरच भरतो. शहरातल्या चालीत तो याच्या निम्माही नसतो. इंजिनाच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण हे की, त्याच्याकडून कधी फार मागितलेच गेले नाही. दुसरे कारण टॅक्सीच्या धंद्यात आहे. गाडी दोन पाळ्यांत चालायची, त्यामुळे इंजिन थंड व्हायला सवडच मिळत नसे. थंड इंजिन चोक ओढून चालू करताना सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल पेट्रोलने धुतले जाते आणि रिंगांची झीज तिथेच सर्वांत जास्त होते. आठवड्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या घरगुती गाडीपेक्षा राबणाऱ्या टॅक्सीचे इंजिन कित्येकदा निरोगी निघे, ते यामुळे.

दोष : या इंजिनाचा खरा शत्रू उष्णता. बीड आणि अॅल्युमिनियम तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. अॅल्युमिनियम बरेच जास्त वाढते. रेडिएटर गाळाने भरलेला, पाण्याचा पंप गळका किंवा पंख्याचा पट्टा सैल असला आणि त्यातच बोरघाटाचा चढ लागला की तापमानाचा काटा वर जातो. हेड ब्लॉकपेक्षा जास्त फुगू पाहते, स्टड त्याला धरून ठेवतात आणि शेवटी ते वाकते. मग हेड गॅस्केट उडते. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम मिसिंग करू लागले, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले किंवा ऑइलची काडी काढल्यावर दुधाळ चहासारखा रंग दिसला, तर निदान करायला आणखी काही लागत नाही.

दुरुस्तीही ठरलेली : हेड उतरवायचे, सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेज सरकतो का पाहायचे, सरकत असल्यास हेड फेसिंगला द्यायचे. बसवताना नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळायचे. इथली घाई पुढे महागात पडते. वारंवार फेसिंग केलेल्या हेडमुळे कॉम्प्रेशन वाढते आणि इंजिन चढावर खडखडू लागते.

गर्दीतल्या उन्हात गाडी अचानक बंद पडण्याचे कारण बहुधा पेट्रोलची वाफ. पेट्रोल पंप कॅमशाफ्टवर चालणारा, ब्लॉकलाच बसवलेला. ब्लॉकच्या धगीने आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पडदा नुसताच हलत राहतो. पंपावर ओले फडके टाकून पाच-दहा मिनिटे थांबणे, हा त्यावरचा सर्वश्रुत आणि शास्त्राला धरून असलेला उपाय. पॉइंट जळणे, कंडेन्सर जाणे, टॅपेट वाजणे या त्यामानाने किरकोळ तक्रारी. पॉइंट पॉलिश पेपरने घासून, गॅप लावून गाडी रस्त्यातच चालू होई.

तीन मेन बेअरिंगांची मर्यादा मोठ्या रस्त्यावर जाणवते. पहिल्या-दुसऱ्या आणि तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरांच्या मध्ये वेगळा आधार नसल्याने जास्त फेऱ्यांवर क्रँक किंचित लवते. तासन्‌तास दामटलेल्या गाडीत ऑइल प्रेशर हळूहळू उतरते ते यामुळेही. क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग घालता येतात, ब्लॉक बोअर करून मोठे पिस्टन बसतात, आणि बोअरची मर्यादा संपल्यावर लाइनर ठोकता येतात. एकाच ब्लॉकवर इंजिन अनेकदा बांधता येते, हा या रचनेचा सर्वांत मोठा गुण. विश्वासार्हता याचा अर्थ कधीच न बिघडणे असा धरला तर हे इंजिन त्या कसोटीला उतरत नाही. पण याचा प्रत्येक बिघाड आधी आवाजाने, वासाने किंवा धुराने सांगून येतो आणि गल्लीतल्या गॅरेजात तो निस्तरता येतो, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

अखेर : १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिशाचा थर व्हॉल्व्ह आणि सीट यांमध्ये संरक्षक असे. तो गेल्यावर जुन्या इंजिनांच्या सीट झिजण्याचा धोका वाढला. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये सीट वेगळ्या बसवलेल्या असल्याने त्या बदलता येतात, ही या इंजिनाची जमेची बाजू ठरली. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हाही तेच कामी आले. गॅसवर आधीच बेताची ताकद आणखी घटली, ज्वलनकक्षातील काजळी मात्र कमी झाली.

पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस या गाड्या शहराच्या सेवेतून बाहेर पडल्या. खासगी मालकांकडे काही अजून चालत्या आहेत. अशी गाडी घेताना चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन स्वतंत्रपणे मोजून घ्यावे, ऑइल भरण्याचे झाकण उघडून चालू इंजिनाचा धूर पाहावा आणि ब्लॉकमध्ये आधी लाइनर पडलेत का, हे विचारावे. हेड कितीदा फेस झाले आहे ते कळल्याशिवाय सौदा पक्का करू नये.